तावी-तावी : चाच्यांचा मुलूख की कष्टकऱ्यांचा?

फिलिपीन्सच्या नकाशात अगदी नैर्ऋत्येच्या टोकाला, बोर्निओच्या किनाऱ्याला जवळजवळ टेकलेला असा एक बेटांचा पुंजका आहे. तावी-तावी हे त्या प्रांताचे नाव. शंभराहून अधिक लहानमोठी बेटे, २०२० च्या शिरगणतीप्रमाणे सुमारे ४ लाख ४० हजार वस्ती, आणि ती जवळजवळ सारी मुसलमान. ज्या देशात शंभरातील सहा-सात माणसेच मुसलमान आहेत, त्या देशात हा प्रांत आपोआप अपवाद ठरतो. आणि अपवादाला समजून घेण्यापेक्षा त्याचे भय बाळगणे कोणत्याही बहुसंख्य समाजाला अधिक सोयीचे असते. पाश्चात्त्य सरकारे आपल्या नागरिकांसाठी जी प्रवास-सूचनापत्रके काढतात, त्यांत हा सारा सुलू द्वीपसमूह तांबड्या रंगात रंगविलेला असतो. मनिलातील सुशिक्षित मनुष्यही तावी-तावीचे नाव काढले की प्रथम अपहरणाविषयी बोलतो, मग चाच्यांविषयी, आणि आपण स्वतः तेथे कधी गेलेलो नाही हे शेवटी सांगतो.

प्रस्तुत लेखकाला अलीकडे तेथे काही दिवस राहता आले. साम्बोआंगा बंदरातून रात्रीची बोट घेऊन बोंगाओ या प्रांतिक राजधानीच्या धक्क्यावर उतरणाऱ्याला जे दिसते ते सूचनापत्रकात नसते. धक्क्यालगतच बाजार आहे. मासळी, साबुदाण्यासारखा दिसणारा कसाव्याचा कीस, मलेशियातून आलेली बिस्किटे, तेल आणि कॉफीची पाकिटे, आणि या साऱ्यांवर ठाण मांडून बसलेल्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या, भाव करण्यात कोणाला हार न जाणाऱ्या स्त्रिया. पाण्यात रोवलेल्या खांबांवर घरे आहेत आणि घराघरांना जोडणाऱ्या फळ्यांच्या पायवाटा आहेत. सितांकाई हे गाव तर जवळजवळ सगळेच पाण्यावर उभे आहे. त्याला 'दक्षिणेचे व्हेनिस' म्हणण्याची पर्यटन खात्यांची हौस आहे. वास्तविक सामा लोक खांबांवर घरे बांधावयास कोणाकडून शिकले नाहीत, आणि व्हेनिसला कोणी 'उत्तरेचे सितांकाई' म्हटल्याचे ऐकिवात नाही.

बंदुका या भागात नाहीत असे कोणी म्हणणार नाही. २०१६ मध्ये आणि त्यानंतर काही काळ तावी-तावीच्या आसपासच्या समुद्रातून इंडोनेशियन व मलेशियन जहाजांवरील खलाशी पळवून नेण्यात आले. अबू सय्याफ या टोळीने कित्येक वर्षे खंडणी हाच धंदा केला. पुढे तीन देशांच्या आरमारांची संयुक्त गस्त सुरू झाली, टोळीचे बहुतेक लोक मारले गेले किंवा शरण आले, आणि २०२३ च्या सप्टेंबरमध्ये शेजारचा सुलू प्रांत या टोळीपासून मुक्त झाल्याचे जाहीर करण्यात आले. या साऱ्या काळातही त्या टोळीचे मुख्य ठाणे होलो आणि बासिलान बेटांवर होते. तावी-तावी तुलनेने शांतच राहिले. परंतु समुद्रावर गुन्हा घडला की त्याची बदनामी जवळच्या जमिनीला चिकटते, आणि ती पुसावयास एक पिढी तरी जाते.

'चाचे' हा शब्द मराठी माणसाने तरी जपून वापरावा. कान्होजी आंग्र्यांना ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदांत हेच बिरुद मिळालेले आहे. आपल्या किनाऱ्यावर कोणी आपल्या परवान्याची सक्ती केली तर तो चाचा, आणि दूरदेशीच्या कंपनीने तोफा रोखून तेच केले तर तो व्यापार, हा न्याय आपल्या पूर्वजांनी अनुभवलेला आहे. अर्थात सुलूची गोष्ट आंग्र्यांच्या गोष्टीहून अधिक गुंतागुंतीची आणि अधिक काळी आहे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगावयास हवे.

जेम्स वॉरन या इतिहासकाराने १९८१ मध्ये 'द सुलू झोन' हा ग्रंथ लिहिला. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने तो अवश्य वाचावा. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडला चिनी चहाचे व्यसन लागले. चहाच्या मोबदल्यात चांदी देणे कंपनीला परवडेना. चिनी बाजाराला तर विलायती माल नको होता. त्याला हवी होती वाळवलेली समुद्रकाकडी, पाकोळीची खाण्याजोगी घरटी, मोती आणि शिंपले. हा सारा माल सुलूच्या समुद्रात मुबलक होता. तेव्हा कंपनीच्या राज्यातील व्यापारी बंगालची अफू, कापड आणि बंदुका घेऊन होलोच्या बाजारात येऊ लागले आणि समुद्रकाकडी घेऊन कॅन्टनला जाऊ लागले. मात्र समुद्रकाकडी आपण होऊन जहाजात चढत नाही. तिच्यासाठी बुडी मारणारे, ती उकडणारे, वाळविणारे हजारो हात लागतात. ते हात सुलूच्या सरदारांपाशी नव्हते. म्हणून ते पळवून आणण्यात आले. १७७० ते १८७० या शंभर वर्षांत दोन ते तीन लाख माणसे या रीतीने गुलाम म्हणून सुलूत आणली गेली असावीत असा वॉरनचा अंदाज आहे. लुटली गेलेली गावे गरीब ख्रिस्ती कोळ्यांची होती, मलय होती. त्यांच्या लोकगीतांत आणि आठवणींत मोरो म्हणजे समुद्रावरून येणारे संकट असेल, तर त्याला कारण आहे.

पण या संकटाला धर्मयुद्धाचे नाव देणे ही निव्वळ फसवणूक आहे. लंडनच्या दिवाणखान्यातील चहाचा पेला, बंगालची अफू आणि फिलिपिनो कोळ्याच्या गळ्यातील दोर ही एकाच साखळीची तीन कडी होती. पुढे माळव्याची अफू मुंबईहून चीनला जाऊ लागली आणि आपल्या मुंबईची किती संपत्ती त्या अफूतून उभी राहिली, हे आपल्या अर्थशास्त्राच्या वर्गांत फारसे सांगितले जात नाही. स्पॅनिश राज्यकर्त्यांनी मात्र यातून एवढेच उचलले की मुसलमान क्रूर असतो. 'मोरो' हे नावच त्यांनी मायदेशातील मूर लोकांवरून आणले. गावोगावच्या जत्रांतून 'मोरो-मोरो' नावाची नाटके होऊ लागली, आणि त्यांत दर वेळी ख्रिस्ती राजपुत्र जिंकत असे व मोरो हरत असे. दोन-तीन शतके एखाद्या समाजाला रंगभूमीवर एकच भूमिका दिली की पुढे त्याच्याविषयी वर्तमानपत्रांना काही नवीन लिहावे लागत नाही. १८४८ मध्ये इंग्लंडहून विकत आणलेल्या वाफेच्या युद्धनौकांच्या बळावर स्पेनने बालांगिंगी बेटावरील सामा लोकांचा बीमोड केला. उरलेल्यांना लुझोनच्या उत्तरेला नेऊन तंबाखूच्या मुलखात वसविण्यात आले. गुलाम धरणाऱ्यांचा असा बंदोबस्त करणाऱ्यांना तंबाखूसाठी सक्तीचे हात हवेच होते!

या लोकांचा इस्लाम तलवारीने आलेला नाही. होलोजवळ बुद दातो येथे तुहान मक्बालू नावाच्या एका परदेशी मुसलमानाची कबर आहे. तिच्यावरील हिजरी सन ७१०, म्हणजे इसवी सन १३१०, हा या भागातील इस्लामचा एक अत्यंत जुना पुरावा मानला जातो. तावी-तावीपैकी सिमुनुल बेटावर, तुबिग-इंदांगान या गावी, शेख करीमुल मख्दूम या धर्मोपदेशकाने १३८० मध्ये मशीद बांधली अशी परंपरा आहे, आणि ती फिलिपीन्समधील पहिली मशीद म्हणून ओळखली जाते. आजची इमारत अलीकडची, सिमेंटची आहे. शानदार काही पाहावयास मिळेल या अपेक्षेने जाणाऱ्याची निराशा होईल. आत मात्र जुन्या मशिदीचे लाकडी खांब उभे आहेत, हाताच्या स्पर्शाने गुळगुळीत झालेले. मॅगेलन या बेटांवर येण्याच्या १४१ वर्षे आधीची तारीख ज्या वास्तूला गावकरी देतात, त्या वास्तूला त्या देशाच्या शालेय इतिहासात किती ओळी मिळाव्यात, हा प्रश्न तेथील शिक्षक विचारतात.

त्या व्यापारी मार्गांवर आपली माणसेही होती. सोळाव्या शतकाच्या आरंभी मलाक्केत राहिलेल्या तोमे पिरेश या पोर्तुगीजाने तेथे येणाऱ्या व्यापाऱ्यांत गुजरात्यांबरोबर चौल आणि दाभोळच्या लोकांचाही उल्लेख केला आहे. मलाक्केहून पुढे बोर्निओ आणि सुलू ही एकाच वाऱ्यावरची बंदरे. भाषेत तर हा संबंध अजून जिवंत आहे. तेथला मुसलमान रमजानात जो रोजा धरतो त्याला तो 'पुवासा' म्हणतो. म्हणजे आपला उपवास. धर्माला शब्द 'आगामा', म्हणजे आगम. पापाला 'दुसा', म्हणजे दोष. स्वर्ग आणि नरक हे 'सुल्गा' आणि 'नाल्का' होऊन शुक्रवारच्या प्रवचनात येतात, आणि कुराण शिकविणाऱ्याला 'गुरू' म्हणतात. यामुळे आपण अधिक मुसलमान आहोत की कमी, हा विचार बोंगाओतील कोणाच्या मनाला शिवलेला दिसला नाही. आपल्याकडे मात्र शब्दांची सोवळी नेसविण्याचा उद्योग दोन्ही बाजूंनी चालू आहे.

बोंगाओ गावावर बुद बोंगाओ नावाचा डोंगर उभा आहे. उंची साडेतीनशे मीटरांच्या आत, पण समुद्रातून एकदम उठल्यामुळे भव्य वाटतो. त्याच्यावर तांपात, म्हणजे पवित्र कबरी आहेत, आणि त्या मख्दूमाच्या अनुयायांच्या आहेत अशी श्रद्धा आहे. नवस बोलणारे, बाळंतपण सुखरूप व्हावे म्हणून येणारे, परीक्षेला बसणारे, असे सगळे वर चढतात आणि वाटेतल्या वानरांना केळी देतात. हाजी मलंगचा गड चढलेल्या मराठी माणसाला येथे काही परके वाटावयाचे कारण नाही. आखाती देशांतून शिकून आलेले काही तरुण मौलवी याला शिर्क ठरवू पाहतात. वृद्ध माणसे त्यांचे ऐकून घेतात आणि केळी विकत घेतात.

आणखी एका वारशाचा उल्लेख करावयास हवा. तांदुबास भागातील उंगोस मताता येथील हाजा अमिना अप्पी या सामा स्त्रीला २००४ मध्ये फिलिपीन्स सरकारने देशाच्या जिवंत कलावारशाचा सर्वोच्च सन्मान दिला. केवड्याच्या जातीच्या पानांच्या पट्ट्या काढून, रंगवून त्या चटया विणीत. भूमितीचा असा हिशेब की विणताना एक पट्टी चुकली तर सारे चित्र बिघडावे. २०१३ मध्ये त्या वारल्या. चटई विणावयास महिने लागतात, आणि बाजारात प्लॅस्टिकची चटई एका दिवसाच्या मजुरीत येते. सन्मानाने या गणितात फारसा फरक पडलेला नाही.

आता ज्या गोष्टीने या प्रांताचे पोट भरते तिच्याकडे वळू. वाचकांपैकी प्रत्येकाने आज सकाळी बहुधा तावी-तावीसारख्या एखाद्या समुद्रातील माल तोंडात घातलेला आहे. दातांची पेस्ट, आइस्क्रीम, चॉकलेटचे दूध, डबाबंद मांस यांना दाटपणा आणणारा कॅराजीनन नावाचा पदार्थ तांबड्या समुद्रशेवाळापासून काढतात. १९६० च्या दशकाच्या अखेरीस हवाई विद्यापीठातील मॅक्सवेल डोटी आणि त्यांचे फिलिपिनो सहकारी यांनी हे शेवाळ लागवडीने वाढविता येईल काय, याचे प्रयोग केले. त्या लागवडीने पहिले मूळ धरले ते याच समुद्रात. आज फिलिपीन्समध्ये वर्षाला सुमारे १५ लाख टन ओले शेवाळ निघते, आणि प्रांतांमध्ये तावी-तावीचा क्रमांक त्यात पहिला आहे. तेथे त्याला आगर-आगर म्हणतात.

ही शेती पाहण्यासारखी आहे. उथळ, स्वच्छ पाण्यात खुंट रोवून त्यांच्यामध्ये नायलॉनच्या दोऱ्या ताणतात. दोरीला वीतभर अंतराने शेवाळाची डहाळी बांधतात. हे बांधण्याचे काम घरोघरी स्त्रिया आणि मुले करतात, त्याची मजुरी दोरीवर मिळते. सहा आठवड्यांत डहाळी कित्येक पटींनी वाढते. मग काढणी, आणि घरापुढच्या बांबूच्या मचाणावर वाळवण. सात-आठ किलो ओल्या मालाचा एक किलो सुका होतो. खत नाही, औषध नाही, जमिनीचा सातबारा नाही. कागदावर पाहिले तर गरिबाला याहून चांगला धंदा कोणता?

पण दोरी, होडीच्या यंत्राचे तेल आणि काढणीपर्यंतचा तांदूळ हे सारे व्यापारी उधार देतो. माल त्यालाच घालावयाचा असा अलिखित करार असतो. मालात ओल किती, रेती किती, हे तोच ठरवितो आणि त्याप्रमाणे वजन तोडतो. आपल्याकडील ऊसतोडणी कामगारांची उचल ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही. बोंगाओहून माल साम्बोआंगाला, तेथून सेबूच्या कारखान्यांना, तेथून युरोप-अमेरिकेला जातो. प्रक्रियेतील नफा जेथे होतो तेथे शेवाळ उगवत नाही, आणि जेथे ते उगवते तेथे प्रक्रिया होत नाही. २००८ मध्ये भाव अचानक आभाळाला भिडले आणि पुढे काही महिन्यांतच कोसळले. ज्यांनी त्या भावावर विसंबून नव्या होड्या घेतल्या ते अनेक वर्षे फेडीत बसले. पाणी तापले की शेवाळाला 'आइस-आइस' नावाचा रोग पडतो, डहाळ्या पांढऱ्या पडून गळतात. तापणाऱ्या समुद्राची किंमत अशा रीतीने त्यालाच मोजावी लागते, ज्याच्या घरात समुद्र तापविण्यासारखे काहीही नाही. समुद्रकाकडीच्या काळात हात पळवून आणावे लागत. आता ते कर्जाने जागच्या जागी बांधता येतात, हा प्रगतीचा भाग म्हणावयास हवा.

याच जातीचे शेवाळ १९८४ मध्ये जपानमार्गे भारतात आले. पुढे मंडपमच्या किनाऱ्यावर एका बहुराष्ट्रीय शीतपेय कंपनीच्या करारावर तमिळ कोळी स्त्रियांनी त्याची लागवड केली, आणि काही वर्षांनी ते शेतांतून सुटून मन्नारच्या आखातातील कुरुसडई बेटाच्या प्रवाळांवर पसरल्याचे शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये नोंदविले. केंद्र सरकारने आता समुद्रशेवाळासाठी ६४० कोटी रुपयांची योजना मांडलेली आहे व कोकण किनाऱ्याचे नावही तिच्या संदर्भात घेतले जाते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील मच्छीमार सहकारी संस्थांनी कोणताही करार करण्यापूर्वी आपली दोन माणसे एक हंगाम तावी-तावीला धाडावीत. शेवाळ कसे बांधावे हे कोणीही शिकवील. काटा कोणाच्या हातात असावा, हे तेथेच कळेल.

या समाजाचे सारेच गुण गाण्यासारखे आहेत असे नाही. सामा दिलाउत, ज्यांना बाहेरचे लोक बाजाउ म्हणतात, ते पूर्वी होडीतच जन्मत आणि होडीतच मरत. त्यांना वरिष्ठ मानल्या जाणाऱ्या ताउसुग लोकांनी 'लुवाआन' असे नाव दिले होते. त्याचा अर्थ थुंकून टाकलेले. त्यांच्याकडून मोती घ्यावयाचे पण त्यांना मशिदीत घ्यावयाचे नाही, असाही काळ होऊन गेला. समतेचा धर्म स्वीकारूनही उतरंड शिल्लक कशी राहते, हे भारतातील कोणत्याही धर्माच्या माणसाने तेथे जाऊन शिकण्याची गरज नाही. १९७० च्या दशकातील युद्धाने या लोकांची दाणादाण झाली. त्यांतले काही मनिलाच्या रस्त्यांवर भीक मागताना दिसतात, तर कित्येक साबात कागदपत्रांवाचून राहतात. २०२४ च्या जूनमध्ये मलेशियन अधिकाऱ्यांनी सेंपोर्नाच्या समुद्रातील त्यांची घरे पाडली व जाळली. कोणत्या देशाचे नागरिक, हा प्रश्न ज्यांना विचारला जात आहे ते त्या दोन्ही देशांच्या जन्माआधीपासून त्या पाण्यात आहेत.

त्या सरहद्दी तरी कशा आखल्या गेल्या? १८७८ मध्ये सुलूच्या सुलतानाने उत्तर बोर्निओ वर्षाला ५,००० डॉलरवर एका युरोपीय मंडळीला दिले. करारातील 'पाजाक' या शब्दाचा अर्थ भाडेपट्टा की कायमचे दान, यावर आजतागायत भांडण आहे, आणि २०१३ मध्ये सुलतानाच्या वंशजाचे सशस्त्र अनुयायी तावी-तावीहून होड्यांनी लाहाद दातूला उतरले तेव्हा त्या एका शब्दापायी डझनावारी माणसे मेली. १८९८ मध्ये स्पेनने फिलिपीन्स २ कोटी डॉलरला अमेरिकेला विकले. घाईत आखलेल्या रेषेबाहेर सिबुतू आणि कागायान दे सुलू ही आजच्या तावी-तावीतील दोन बेटे राहून गेली. ती १९०० मध्ये आणखी एक लाख डॉलर देऊन खरेदी झाली. किराणा घेताना विसरलेली जिन्नस दुसऱ्या दिवशी आणावी, तशी! बेटांवरील कोणाला विचारल्याची नोंद नाही.

स्वतंत्र फिलिपीन्सने या लोकांना दिलेली पहिली मोठी भेट म्हणजे जाबिदा. १९६७ मध्ये मार्कोस सरकारने साबात घुसविण्यासाठी मुसलमान तरुणांची एक गुप्त पलटण उभारली. तिचे पहिले शिक्षण त्याच सिमुनुल बेटावर झाले, जेथे मख्दूमाची मशीद आहे. नंतर त्यांना कोरेहिडॉर बेटावर नेण्यात आले. पगार आणि अन्न यांवरून त्यांनी कुरकुर केली, आणि १९६८ च्या मार्चमध्ये त्यांतील अनेकांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यातूनच मोरो चळवळ उभी राहिली. १९७२ मध्ये लष्करी कायदा आला, १९७४ च्या फेब्रुवारीत होलो शहर जळाले. १९७३ मध्ये सुलूतून तोडून तावी-तावीचा वेगळा प्रांत करण्यात आला, तो याच धामधुमीत. मग त्रिपोली करार १९७६ चा, दुसरा १९९६ चा, तिसरा २०१४ चा. अखेर २०१९ मध्ये सार्वमताने बांग्सामोरो स्वायत्त प्रदेश स्थापन झाला, आणि राष्ट्रीय अंतर्गत महसुलाच्या पाच टक्के रक्कम त्याला हक्काने मिळू लागली. ती कृपा म्हणून नव्हे तर कायद्याने मिळते, हे आपल्या राज्यांनीही लक्षात घेण्याजोगे आहे.

तावी-तावीने या स्वायत्ततेच्या बाजूने मत दिले. सुलूने विरोधात दिले, तरीही त्याला आत धरण्यात आले. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुलूला बाहेर काढले. न्याय म्हणून हा निकाल बरोबरच आहे. भूगोल म्हणून मात्र तावी-तावी आता स्वतःच्या प्रदेशापासून सुलूच्या समुद्राने तुटलेले आहे. प्रदेशाच्या विधिमंडळाची पहिली निवडणूक २०२२ मध्ये व्हावयाची होती, ती २०२५ वर गेली, आणि २०२५ मध्येही झाली नाही. बोंगाओतील शेवाळवाल्याला दोरीचा कर्जपुरवठा आणि वाळवण-गोदाम यांविषयी अर्ज करावयाचा असेल तर कोताबातोला जावे लागते. म्हणजे प्रथम रात्रभर बोटीने साम्बोआंगा, आणि तेथून मिंडानाओ बेट ओलांडून पुन्हा पूर्वेला. साबाचा किनारा त्याला घरातून दिसत नसला, तरी होडीने काही तासांवर आहे.